टुकार पण धमाल सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुसता टुकार सिनेमा आणि टुकार-पण-धमाल सिनेमा, यांत फरक काय?

नुसता टुकार सिनेमा बघताना माणूस घड्याळाकडे बघत राहतो. टुकार-पण-धमाल सिनेमा संपला की लोक त्यातले संवाद म्हणत घरी जातात आणि पुढच्या शनिवारी आणखी दोघांना गोळा करून तोच सिनेमा पुन्हा लावतात. कच्चा अभिनय, तुटकी कथा, स्वस्तातले सेट हे दोन्हीकडे सारखंच. फरक असतो तो करणाऱ्याच्या विश्वासात. आपल्या हातून काहीतरी मोठं घडतंय असं त्याला मनापासून वाटत असतं. त्याची उडी त्याच्या पैशांच्या आणि कौशल्याच्या पलीकडची असते, तरी तो कुठेही हात आखडता घेत नाही.

त्या जोडीला वेग लागतो. दर दोन-तीन मिनिटांनी काहीतरी नवीन बिघडलं पाहिजे. एकच चूक दोन तास चालली तर फक्त कंटाळा येतो. 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) हा सिनेमा वाईट सिनेमांच्या चर्चेत नेहमी येतो, पण धमाल म्हणून तो चालत नाही. तो संथ आहे, अंधारा आहे, आणि दिग्दर्शकाला तंत्र पुरेपूर येत असल्यामुळे त्यात चकित करणारी चूक फारशी सापडत नाही.

वाईट गोष्ट आवडते तरी कशी?

चांगला सिनेमा आपली कारागिरी लपवतो. कट कुठे झाला, आवाज कधी भरला, दिवा कुठल्या बाजूला होता, हे आपल्याला जाणवतच नाही. या सिनेमांत सगळं उघड्यावर येतं. पात्र दारातून बाहेर पडतं तेव्हा दुपार असते आणि अंगणात पोचेपर्यंत रात्र झालेली असते. त्या क्षणी आपल्याला कळतं की सलग वाटणारी ही दोन पावलं वेगवेगळ्या वेळी चित्रित झाली आहेत. हजारो सिनेमे पाहून डोक्यात बसलेले नियम मोडताना दिसतात, आणि हसू येतं ते त्या धक्क्याचं.

दुसरं कारण म्हणजे पुढचा अंदाज बांधता येत नाही. सराईत प्रेक्षकाला नेटक्या मसालापटातला पुढचा प्रसंग आधीच कळतो. इथे तो कधीच कळत नाही.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. सुझन सोन्टॅग यांनी १९६४ साली अतिरंजित, नाटकी गोष्टींत रमणाऱ्या 'कॅम्प' या अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात म्हटलं होतं की या अभिरुचीचा खरा नमुना भाबडा असतो. तो गंभीरपणे काही करू पाहतो आणि ते साधत नाही. आपल्याला ती गंभीर धडपड आवडते. चूक दिसते तशीच तिच्यामागची तळमळही दिसते, आणि दोन्ही एकदम दिसणं फार कमी कलाकृतींत घडतं.

असे सिनेमे आवडणाऱ्याला चांगलं-वाईट कळत नाही, ही समजूत चुकीची आहे. फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१६ साली अशा सिनेमांच्या चाहत्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे प्रेक्षक सरासरीपेक्षा जास्त शिकलेले निघाले, आणि तथाकथित उच्च कलेपासून बाजारू मनोरंजनापर्यंत सगळं चवीनं पाहणारेही. ते साहजिकच आहे. नियम माहीत असल्याशिवाय तो मोडलेला कळत नाही.

सुरुवात कुठल्या सिनेमाने करावी?

इंग्रजी चालत असेल तर 'द रूम' (२००३) किंवा 'ट्रोल २' (१९९०). हिंदीत 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी' (२००२). राजकुमार कोहली यांचा हा सिनेमा पहिल्या बैठकीला बरा पडतो, कारण चेहरे सगळे ओळखीचे आहेत: सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला, अर्शद वारसी, शिवाय गायक सोनू निगम. इच्छाधारी नागाच्या भूमिकेत दिग्दर्शकाचे चिरंजीव अरमान कोहली. नागकथेच्या जुन्या साच्यावर त्या काळच्या हॉलीवुडी संगणकी करामती चढवल्या आहेत, आणि कॉलेजकुमारांच्या भूमिकांत चाळिशीकडे झुकलेले नट आहेत. नवख्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

'गुंडा' पहिल्या दिवशी लावू नये. त्याचं कारण पुढे आहे. 'मॅनोस' हा १९६६ चा भयपट तर मुळीच लावू नये. तो सगळ्यात जास्त बिघडलेला असला तरी इतका संथ आहे की नवखा माणूस पुन्हा फिरकत नाही.

'द रूम'चं एवढं काय? लोक पडद्यावर चमचे का फेकतात?

टॉमी वायझो यांनी हा सिनेमा लिहिला, काढला, दिग्दर्शित केला आणि त्यात नायकही तेच झाले. कथा म्हटली तर साधी: जॉनीची होणारी बायको लिसा त्याच्या जिवलग मित्राच्या, मार्कच्या प्रेमात पडते. खर्च सुमारे ६० लाख डॉलर झाल्याचं सांगितलं जातं आणि पडद्यावर तो कुठेच दिसत नाही. तो कुठे गेला हे समजण्यासारखं आहे. कॅमेरे भाड्याने घेण्याऐवजी विकत घेतले गेले. ३५ मिमी फिल्मचा आणि डिजिटल असे दोन कॅमेरे एकाच स्टँडवर शेजारी शेजारी बसवून प्रत्येक प्रसंग एकाच वेळी दोन्हींवर चित्रित केला. त्यामुळे माणसं, दिवे, वेळ सगळंच वाढलं. गच्चीवरचे प्रसंग खऱ्या गच्चीवर न करता सेट बांधून हिरव्या पडद्यासमोर केले आणि मागे शहर नंतर चिकटवलं.

कथेत सुरू होऊन हवेत विरणारे धागे हे त्याचं खरं वैभव आहे. लिसाची आई बोलता बोलता सांगते की तिला स्तनाचा कर्करोग झालाय, आणि त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत तो विषय निघत नाही. मधेच एक नट काम सोडून गेला, तेव्हा त्याच्या वाटचे संवाद एका नव्याच पात्राला दिले गेले. हा माणूस कोण, हे कोणी सांगत नाही. पार्टीत येऊन तो घरच्यासारखा चिडतो.

२००३ साली लॉस एंजेलिसमध्ये लागला तेव्हा दोन आठवड्यांत जेमतेम १,८०० डॉलर जमले. पण वायझो यांनी हॉलीवुडमधला जाहिरातीचा फलक पुढची पाच वर्षं उतरवला नाही, आणि मध्यरात्रीच्या खेळांना हळूहळू गर्दी व्हायला लागली. चमच्यांचं म्हणाल तर जॉनीच्या दिवाणखान्यात चमच्याचं चित्र असलेली फ्रेम आहे. ती दिसली की प्रेक्षक 'स्पून!' असं ओरडून प्लास्टिकचे चमचे उधळतात. घरी करायचं तर माणशी आठ-दहा चमचे पुरतात. धातूचे अजिबात नकोत. टीव्हीचा पडदा फुटतो.

पडद्यामागची हकीकत मार्कचं काम करणाऱ्या ग्रेग सेस्टेरो यांनी २०१३ साली सहलेखकासोबत पुस्तकात लिहिली. त्यावरून २०१७ साली सिनेमाही निघाला. पुस्तक आधी वाचू नये. 'द रूम' दोनदा पाहून मग वाचलं तर दुप्पट मजा येते.

'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा खरंच जगातला सगळ्यात वाईट सिनेमा आहे का?

नाही. हा शिक्का १९८० साली बसला. हॅरी आणि मायकल मेडवेड यांनी वाचकांची मतं मागवून वाईट सिनेमांवर एक पुस्तक काढलं, त्यात एड वुड यांचा हा सिनेमा पहिला आला. त्यामुळेच तो लोकांनी शोधून शोधून पाहिला. प्रत्यक्षात तो ७९ मिनिटांचा, बऱ्यापैकी चटपटीत आणि प्रेमाने केलेला सिनेमा आहे. त्याहून कितीतरी वाईट सिनेमे दर वर्षी निघतात आणि विसरले जातात.

त्यातली गाजलेली गोष्ट बेला लुगोसी यांची. ड्रॅक्युला म्हणून जगप्रसिद्ध झालेले हे नट १९५६ च्या ऑगस्टमध्ये वारले. वुड यांच्याकडे त्यांचं थोडंसं मूक चित्रण पडून होतं, तेही वेगळ्या कामासाठी केलेलं. ते त्यांनी सिनेमात घातलं आणि उरलेल्या प्रसंगांत बायकोच्या कायरोप्रॅक्टरला (पाठीच्या मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याला) काळा झगा घालून, तोंडासमोर झगा धरून उभं केलं. हा माणूस लुगोसींपेक्षा बराच उंच होता. विमानाच्या कॉकपिटचं दार म्हणून पडदा आहे. उडत्या तबकड्या म्हणजे गाडीच्या चाकांच्या टोप्या किंवा कागदी थाळ्या, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. दुकानात मिळणारी प्लास्टिकची खेळण्यातली मॉडेलं दोऱ्याला टांगली होती.

सिनेमा इतका बिघडतो कसा? नेमकं कुठे चुकतं?

बिघाडाची मुळं पडद्यावर ओळखता आली की बघण्याची गोडी वाढते, म्हणून हे जरा सविस्तर.

सगळ्यात आधी मार खातो तो आवाज. 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' (१९६६) टेक्सासमधल्या एल पासोचे खतविक्रेते हॅरोल्ड वॉरन यांनी सुमारे १९,००० डॉलरमध्ये काढला. भयपट काढणं काही अवघड नाही, आपणही काढून दाखवू, अशी पैज त्यांनी एका पटकथालेखकाशी लावली होती. कॅमेरा किल्ली द्यायचा, १६ मिमीचा. एकदा किल्ली भरली की ३२ सेकंद चालायचा, म्हणून ३२ सेकंदांपेक्षा लांब शॉट त्या सिनेमात असूच शकत नाही. चित्रणाच्या वेळी आवाज टिपलाच नव्हता. नंतर मोजक्या जणांनी सगळ्या पात्रांचे आवाज भरले. लहान मुलीच्या तोंडी मोठ्या बाईचा आवाज येतो तो त्यामुळे. रात्रीच्या प्रसंगांत दिव्यांभोवती पतंग घोंघावताना दिसतात, कारण आसपास तेवढाच उजेड होता.

'बर्डेमिक' (२०१०) मध्ये उलटा प्रकार आहे. तिथे आवाज जागेवरच टिपला, पण प्रत्येक शॉटमागचा वारा, गाड्या, समुद्र वेगळा. शॉट बदलला की मागचा आवाज खाडकन तुटतो. व्यवस्थित सिनेमात त्या जागेचा नुसता शांत आवाज अर्धा-एक मिनिट वेगळा टिपून सगळ्या संवादांखाली पसरतात. इथे ते केलेलं नाही. जेम्स न्युएन यांनी हा सिनेमा १०,००० डॉलरहून कमी पैशांत केला. जवळजवळ निम्मा सिनेमा गेल्यावर संगणकी गरुड येतात, हवेत एकाच जागी पंख हलवत राहतात आणि माणसं त्यांच्याशी कपड्यांच्या हँगरने लढतात.

मग सातत्य. अमेरिकेत एक माणूस फक्त याच कामावर असतो. आपल्याकडे ते सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडतं. आधीच्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता, शर्टाची किती बटणं उघडी होती, केस कसे होते, हे सगळं तो टिपून ठेवतो. पैसे कमी पडले की हा माणूस आधी जातो. 'समुराई कॉप' (१९९१) मध्ये चित्रण संपलं असं समजून नायकाने लांब केस कापले. काही महिन्यांनी आणखी चित्रणासाठी बोलावलं, तेव्हा त्याला बायकांचा विग घालून उभं केलं. एकाच मारामारीत केस खरे-खोटे-खरे होत जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सांगू नका. त्याचं त्याला दिसू द्या.

भाषेचा बिघाड वेगळाच. 'ट्रोल २' इटालियन मंडळींनी अमेरिकेत, युटा राज्यात चित्रित केला. दिग्दर्शक क्लाउडिओ फ्रागासो आणि त्यांच्या तंत्रज्ञांना इंग्रजी जेमतेम येत होतं आणि नट स्थानिक, बहुतेक हौशी. संवादांचं इंग्रजी मोडकं होतं. नटांनी सुधारून म्हणू का विचारलं तर लिहिलंय तसंच म्हणा, असं उत्तर मिळालं. म्हणून सगळी माणसं कुठल्यातरी तिसऱ्याच देशातून आल्यासारखी बोलतात. शिवाय सिनेमात ट्रोल, म्हणजे युरोपीय लोककथांतला राक्षस, एकही नाही. आहेत ते गॉब्लिन, म्हणजे खुजी, दुष्ट भुतं, तेही शाकाहारी; माणसांना आधी झाडपाला बनवून मग खाणारे. १९८६ च्या 'ट्रोल'शी त्याचा कथेपुरताही संबंध नाही, नाव विक्रीसाठी लावलं गेलं.

या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच परिस्थिती सापडते: लेखन, दिग्दर्शन, पैसा आणि कधी कधी मुख्य भूमिकाही एकाच माणसाच्या हातात. सेटवर 'हे बरोबर दिसत नाहीये' म्हणण्याची कोणाची हिंमत होत नाही. मोठ्या कंपनीत दहा जण दुरुस्त्या सुचवतात आणि सिनेमा बेचव का होईना, पण सरळ होतो. इथे एका माणसाची कल्पना कसलीही गाळणी न लागता पडद्यावर उतरते.

'गुंडा'बद्दल इतकं ऐकलंय. तो इतका का आवडतो?

कांती शाह यांचा 'गुंडा' (१९९८) म्हणजे या प्रांतातलं हिंदीचं शिखर. छोट्या केंद्रांतल्या थिएटरांसाठी तो काढला गेला. शहरातल्या प्रेक्षकांनी तो आला तेव्हा पाहिलाच नाही. पुढच्या दशकात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलांत त्याच्या फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरल्या, आणि तिथून त्याची कीर्ती पसरली.

तो चालतो तो संवादांवर. बशीर बब्बर यांच्या संवादांत जवळजवळ प्रत्येक खलनायक कॅमेऱ्याकडे बघत यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतो, आणि पुढेही प्रत्येक वेळी त्याच थाटात बोलतो. नाटकात पात्रप्रवेशाला टाळी घेण्याची जी जुनी रीत आहे, तीच इथे पूर्ण सिनेमाभर चालते. नट कच्चे असते तर हे फसलं असतं. पण मुख्य खलनायक बुल्ला झालेत मुकेश ऋषी, ज्यांनी पुढच्याच वर्षी 'सरफरोश'मध्ये इन्स्पेक्टर सलीमचं काम केलं. पोते म्हणून मोहन जोशी आहेत, शिवाय दीपक शिर्के, शक्ती कपूर, हरीश पटेल, रज्जाक खान, रामी रेड्डी. मराठी रंगभूमीवर घडलेला नट वाटेल ते वाक्य दिलं तरी पूर्ण ताकदीने, शब्दाचा शेवट न खाता म्हणतो. मोहन जोशींचे प्रसंग याच कानाने ऐकावेत. वाक्य कसलंही असो, त्यांचा आवाज आणि थांबा कुठेही ढिला पडत नाही.

नायक मिथुन चक्रवर्ती अशा सिनेमात कसे, असं नेहमी विचारतात. नव्वदीच्या दशकात ते उटीला स्थायिक झाले होते, तिथे त्यांची हॉटेलं होती, आणि निर्मात्यांनी युनिट घेऊन तिथे यावं, तिथेच राहावं, थोड्या दिवसांत सिनेमा उरकावा अशी घडी बसली होती. कमी खर्चात ठरल्या वेळेत सिनेमा हातात पडायचा, आणि मिथुनच्या नावावर छोट्या केंद्रांतले वितरक तो घ्यायचे. 'गुंडा' त्याच बाजारातला माल.

आता पहिल्या दिवशी का नको ते. या सिनेमात स्त्रियांवरच्या अत्याचाराची दृश्यं आहेत आणि ती हसण्याजोगी नाहीत. ती पुढे ढकलावीत. ज्याने आधी पाहिलाय त्याने रिमोट हातात ठेवावा आणि जमलेल्यांना हे आधीच सांगावं. 'सगळं गंमत म्हणून चालतं' असं म्हणून ही दृश्यं रेटणारी बैठक मोडते, आणि मोडावीच.

मराठीत असे सिनेमे कमी का सापडतात?

टुकार सिनेमे मराठीतही भरपूर निघाले. पण ऐंशीच्या मध्यापासून पुढे बराच काळ मराठी पडद्यावर विनोदी सिनेमांचं राज्य होतं, आणि फसलेला विनोदी सिनेमा धमाल होत नाही. भयपट फसला की हसू येतं, शोकांतिका फसली की हसू येतं. विनोद फसला की काहीच येत नाही. हा नियम जगभर लागू आहे, म्हणून बैठकीसाठी निवडताना विनोदी सिनेमा सरळ बाजूला ठेवावा.

'झपाटलेला' (१९९३) ला काही जण या यादीत ओढतात. ते आम्हाला अजिबात मान्य नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू त्या काळच्या साधनांत उत्तम जमलेला आहे, घाबरवायच्या जागी घाबरवतो आणि हसवायच्या जागी हसवतो. ठरवलेलं साधलं, त्याला टुकार म्हणत नाहीत.

मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमे चालतात का?

'शार्कनेडो' (२०१३) सारखे सिनेमे पहिली वीस मिनिटं बरे वाटतात. वावटळीतून शार्क पडतात, ही कल्पना एका ओळीत सांगून झाली की संपते. करणारा स्वतःच डोळा मिचकावत असल्याने आपल्याला शोधायला काही उरत नाही. निवडताना साधी खूण: पोस्टर आणि नावच विनोद असेल तर तो मुद्दाम केलेला आहे, सोडून द्या.

यात बिचाऱ्या कलाकारांची टिंगल होत नाही का?

होऊ शकते, आणि त्याची काळजी घ्यावी. 'ट्रोल २' मध्ये लहान मुलाचं काम केलेल्या मायकल स्टीफन्सन यांनी मोठेपणी त्याच सिनेमावर 'बेस्ट वर्स्ट मूव्ही' (२००९) हा माहितीपट केला. त्यात बापाचं काम करणारे जॉर्ज हार्डी, जे व्यवसायाने दंतवैद्य आहेत, भरलेल्या थिएटरांत टाळ्या घेताना दिसतात. दिग्दर्शक फ्रागासो मात्र लोक हसतात ते पाहून दुखावतात, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांनी गंभीर सिनेमा केला होता. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. चाहत्याने हा माहितीपट पाहायलाच हवा.

आमच्या मते मर्यादा अशी ठेवावी: हसायचं ते निवडीवर, म्हणजे संवाद, संकलन, कपडेपट, कथेची वळणं. नटाचं शरीर, रंग, उच्चारातली जन्मजात लकब, वय यांवर नाही. हौशी कलाकारांना समाजमाध्यमांवर शोधून खोचक संदेश पाठवणं तर निव्वळ दुष्टपणा आहे.

घरी बैठक कशी जमवायची?

पाच ते आठ माणसं. तिघांत हशा पेटत नाही, दहाच्या वर गेलं की संवाद ऐकू येत नाहीत. त्यांतल्या एकाने सिनेमा आधी पाहिलेला असावा, पण त्याने पुढचं सांगायचं नाही. सुरुवातीला काळ, पैसा आणि करणारा माणूस एवढं दोन मिनिटांत सांगायचं, बस.

चित्र अंधूक असलं तरी चालतं, आवाज स्पष्ट हवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर निम्मे संवाद जातात, तेव्हा बाहेरचा स्पीकर जोडा. इंग्रजी सिनेमाला इंग्रजी सबटायटल्स लावा. 'ट्रोल २' मध्ये तर मोडकं वाक्य लिहिलेलं दिसलं की जास्त रंगतं. हिंदीला लावू नका, यमक ऐकायच्या आधी वाचलं जातं. खोलीत मंद दिवा ठेवा, एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. फोन दुसऱ्या खोलीत. संकलनातल्या चुका सेकंदभरच टिकतात, मान खाली गेली की गेल्या.

वेफर्सची पाकिटं कुरकुरतात, भडंग किंवा शेंगदाणे मोठ्या वाडग्यात ठेवा. मध्यंतर दहा मिनिटांचं हवंच. दोन सिनेमे लावायचे असतील तर आधी छोटा, मग वेगवान: 'प्लॅन नाइन' ७९ मिनिटांचा, 'द रूम' ९९ मिनिटांचा, मध्यंतर धरून सव्वातीन तासांत आटोपतं. दोन संथ सिनेमे एकापाठोपाठ लावणं ही बैठका फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

सिनेमा चालू असताना शेरे मारायचे का?

मारायचे, पण जागा बघून. अमेरिकेत १९८८ साली मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं, ज्यात एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या कडेला बसून जुन्या सिनेमांवर टिप्पणी करतात. 'मॅनोस' लोकांना माहीत झाला तो त्यांच्यामुळेच, १९९३ साली. त्यांचे शेरे लिहून, तालीम करून, संवादांमधल्या मोकळ्या जागेत बसवलेले असायचे. घरी तालीम नसते, म्हणून पथ्य एकच: पात्र बोलत असताना गप्प. पहिली पंधरा मिनिटं तर कोणीच बोलू नये, सिनेमाचा सूर कानात बसू द्यावा. सतत बोलणारा एक जण असतोच. त्याला मध्यंतरानंतर चहा करायला पाठवावं.

एकट्याने पाहिला तर?

अभ्यास होतो, मजा निम्मीच येते.

मुलांसोबत बघता येतात का?

'प्लॅन नाइन' बिनधास्त. 'ट्रोल २' दहा-बारा वर्षांच्या पुढे. हिरवा चिकट द्राव आणि थोडी भीती आहे. 'द रूम' नको, पहिल्या अर्ध्या तासात लांबलचक प्रणयदृश्यं आहेत. 'गुंडा' अर्थातच नको.

दाखवायला परवानगी लागते का?

घरच्या मित्रमंडळींपुरता अधिकृत प्रतीवरून पाहायचा तर नाही. कॅफेत, कॉलेजात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर खेळ लावायचा तर हक्क असलेल्या कंपनीची लेखी परवानगी घ्या. तिकीट नसलं की परवानगी लागत नाही, या समजुतीवर विसंबू नका. भारतात सिनेमाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतात.

सिनेमा शिकणाऱ्याला याचा उपयोग होतो का?

उत्तम सिनेमापेक्षा जास्त होतो, कारण उत्तम सिनेमात शिवण दिसत नाही. छोटासा, फार तर तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग घ्या आणि तो चार वेळा पाहा. पहिल्यांदा जसा आहे तसा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून: पात्रं एकमेकांकडे बघतायत की नाही, नजरेची दिशा शॉट बदलल्यावर टिकते का, ते टिपा. तिसऱ्यांदा डोळे मिटून: मागचा आवाज कुठे तुटतो, ओठ आणि शब्द कुठे सुटले असतील, ते ओळखा. चौथ्यांदा कागद घेऊन प्रत्येक कटला एक रेघ मारा आणि शेजारी लिहा की हा कट कशासाठी केला असेल. 'द रूम'मधला फुलांच्या दुकानाचा प्रसंग यासाठी फार चांगला आहे. जेमतेम वीस सेकंदांचा आहे. त्यात नमस्कार, खरेदी, पैसे, कुत्र्याला थोपटणं आणि निरोप इतकं सगळं एकमेकांवर आदळत उरकतं. त्यातली उत्तरं प्रश्नांच्या आधी आल्यासारखी वाटतात. ती का तशी वाटतात हे शोधायचं असेल तर तोच प्रसंग फोनवर दोन मित्रांना घेऊन पुन्हा चित्रित करा, प्रत्येक वाक्यानंतर एक श्वास जाऊ द्या, आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा.